नीट हुकली म्हणून फार्मसी?

नीटमध्ये गुण कमी पडले, एमबीबीएसचा विषय मिटला, बीडीएसचा खर्च झेपत नाही, मग ‘फार्मसीला घालूया’. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जून-जुलै आला की कितीतरी घरांत निर्णय असाच होतो. बैठकीला वडील असतात, मामा असतो, ओळखीचा मेडिकलवाला असतो आणि अलीकडे कॉलेजचा एजंटही असतो. ज्याचं आयुष्य ठरतंय ते पोरगं कोपऱ्यात गप्प बसलेलं असतं. शिकून नेमकं कोणतं काम करायचं, हे त्याला कोणी विचारत नाही. दोन वर्षं, चार वर्षं की सहा वर्षं, एवढंच बोलणं होतं, तेही फीपुरतं.

ही पद्धत मोडायला हवी. फार्मसीचा कोर्स मागच्या टोकाकडून निवडा. आधी काम ठरवा, मग ते काम कोणत्या राज्यात करणार ते ठरवा, आणि शेवटी प्रवेशाचा फॉर्म भरा. आपल्याकडे फॉर्म पहिला भरला जातो आणि कामाचा विचार पदवी हातात पडल्यावर सुरू होतो. तोवर घरातले पैसेही संपलेले असतात आणि पोराचा धीरही.

बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर दुकान असतं, म्हणून आधी दुकानाचं बोलू. औषधाचं किरकोळ दुकान काढायला डी. फार्म. पुरतं. दोन वर्षांचा अभ्यास आणि वर 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. पीयूसीला भौतिक, रसायन आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित, यांतलं काहीही चालतं. दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते, फ्रिज लागतो, औषध खात्याचा फॉर्म 20 आणि 21 चा परवाना लागतो. मालक स्वतः फार्मासिस्ट नसला तरी हरकत नाही, पण काउंटरवर नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा. होलसेलची गोष्ट वेगळी आहे. तिथं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला औषधधंद्यातला एक वर्षाचा अनुभव असला, किंवा मॅट्रिक झालेल्याला चार वर्षांचा, तरी नियमात बसतं. वडिलांची एजन्सी पुढे चालवायची एवढाच हेतू असेल, तर पोराची दोन वर्षं आणि घरचे पैसे डी. फार्म.मध्ये घालायचं कारण नाही.

दुकानाचं गणितही घरात बसून मांडा. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानं किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला 16 टक्के मिळतात. रस्त्यापलीकडचा दुकानदार दारावर ‘15 ते 20 टक्के सूट’ असा फलक लावून बसलेला असतो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर आणखी स्वस्त भाव दाखवतं. त्यातून खडे बाजार किंवा गणपत गल्लीतलं भाडं, लाइट बिल, मुदत संपून पडलेला माल, पोऱ्याचा पगार. दुकान चालतं, चालवणारे चांगले चालवतातही. पण मेडिकल काढलं की पैसाच पैसा, हा आपल्या वडिलांच्या पिढीचा हिशेब होता. तो आज लागू होत नाही, हे फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

आता ज्या विषयावर सगळे आवाज खाली करून बोलतात, तो. लायसन भाड्यानं देणं.

1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 स्पष्ट आहे: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी तयार करून किंवा मोजून द्यायचं नाही. मोडलं तर कैद किंवा दंड. तरीही भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसराच, हे चित्र नवं नाही. नवं आहे ते एवढंच, की आता कोर्स निवडतानाच घरातले हा बेत आखतात. ‘पोरगीला डी. फार्म. करू, लग्न झाल्यावर लायसन भाड्यानं दिलं तरी महिन्याला हातात काहीतरी येतं.’ असं बोलणारे आईबाप मुलीचे शत्रू नाहीत. त्यांना ती सोय वाटते. पण त्या सोयीचा अर्थ त्यांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवा. तुमच्या मुलीचं नाव अशा दुकानाच्या भिंतीवर टांगलं जाणार आहे, जिथं ती कधी पाऊल टाकणार नाही. तिथं चुकीचं औषध गेलं, झोपेच्या गोळ्या चिठ्ठीविना विकल्या गेल्या, शेड्यूल एच-1 चं रजिस्टर कोरं सापडलं, तर चौकशी त्या नावाची होते. गैरवर्तन सिद्ध झालं तर राज्याची फार्मसी कौन्सिल रजिस्टरमधून नाव काढू शकते. महिन्याच्या त्या थोड्या पैशांसाठी मुलीचं शिक्षण आणि इभ्रत दोन्ही गहाण पडतात.

आणि हे पाप फक्त कायद्यापुरतं नाही. संधिवाताला दिली जाणारी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. कोणी समजावून न सांगितल्यामुळे ती रोज घेतली, तर माणूस दगावतो. निपाणीत आयुष्यभर विड्या वळून छाती भरलेल्या बाईला डॉक्टर इनहेलर लिहून देतात. तो कसा ओढायचा, श्वास किती वेळ धरायचा, नंतर चूळ का भरायची, हे तिला काउंटरवरच्या माणसानं दाखवलं नाही तर अर्धं औषध तोंडातच राहतं. बाई म्हणते, गुण येत नाही. गुण येत नाही कारण सांगणारा माणूस दुकानात नाही, त्याचा कागद तेवढा आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टच्या कामात स्पष्ट धरलं आहे. आपल्या भागातली किती दुकानं ते काम करतात, हे प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाऊन बघावं.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज काउंटरमागे उभं राहून, चार भाषांतल्या चार माणसांना तेच तेच शांतपणे सांगायची तयारी असेल, तर डी. फार्म. हा चांगला, स्वाभिमानाचा कोर्स आहे. कागद भाड्यानं द्यायचा असेल तर घेऊ नका.

डी. फार्म.ला कमी लेखू नका, असं सांगताना त्याची हद्दही सांगायला हवी. ही पदविका आहे. जिथं पदवी मागतात तिथं ती चालत नाही. यूपीएससी नाही, केपीएससीच्या पदवीधर जागा नाहीत, बँकेच्या अधिकाऱ्याची परीक्षा नाही. ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं असेल तर औषध नियमांतला 49 वा नियम फार्मसीची पदवी किंवा ठरावीक विषयांतलं वैद्यकीय शिक्षण मागतो, तिथं डी. फार्म.वाला अर्जच करू शकत नाही. दुसऱ्या बाजूला, सरकारी दवाखान्यातल्या फार्मासिस्टच्या जागेला मूळ पात्रता बहुधा डी. फार्म. असते, आणि पदवीधराला तिथं घ्यायचं की नाही, यावर निरनिराळ्या राज्यांत कोर्टकज्जे झालेले आहेत. मोठी पदवी म्हणजे प्रत्येक दार उघडं, असं या क्षेत्रात नाही. शिवाय 2022 साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं डी. फार्म.साठी एक्झिट परीक्षेचा नियम केला आहे: तीन पेपर, प्रत्येकात किमान 50 टक्के, आणि त्यानंतर नोंदणी. वर्गात न बसता, फक्त परीक्षेला जाऊन डी. फार्म. पदरात पाडून घ्यायचे बेत आखणाऱ्यांनी हा नियम दोनदा वाचावा.

घरची परिस्थिती बेताची असेल, तर एक वाट मला शहाणपणाची वाटते. आधी डी. फार्म. करा, नोंदणी करून घ्या, आणि मग लॅटरल प्रवेशानं बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला बसा. वर्षं चारऐवजी पाच जातात, पण दोन वर्षांनंतर हातात पोटापुरतं काही तरी असतं, आणि बापावरचा भार मध्येच हलका होतो. जाहिराती या वाटेचं कौतुक करत नाहीत. एजंट तर नावही काढत नाही.

बी. फार्म. ही चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी कारखान्याकडे तोंड करून उभी आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच पालकांना सांगितलं जात नाही. दुकानासाठी बी. फार्म. करणं म्हणजे दोन वर्षं जास्तीची घालवणं. ज्याला गोळी कशी बनते, ती पोटात कशी विरघळते, तिच्यात काय भेसळ असू शकते याचं कुतूहल आहे, त्याच्यासाठी ही पदवी आहे. बेळगावाहून चोर्ला घाट उतरला की गोवा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला, ल्युपिन, इंडोको अशा कंपन्यांचे कारखाने आहेत, पिळर्ण्याला युनिकेम, कोलवाळला ग्लेनमार्क. सीमाभागातल्या फार्मसीवाल्यांसाठी ही जवळची बाजारपेठ आहे. पण एक गोष्ट लपवून ठेवू नये: क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत बी. फार्म.च्या शेजारी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केमिस्ट्रीवालेही बसतात, आणि नियमांनाही ते मान्य आहे. म्हणजे स्पर्धा त्यांच्याशीही आहे. सुरुवात शिफ्टमधून होते, पगार थोडा असतो. पुढे जायचं तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम. फार्म. करावं लागतं. जीपॅट पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात एम. फार्म. करणाऱ्याला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, हे निदान गरीब घरांतल्या हुशार मुलांना सांगा. नायपरसारख्या राष्ट्रीय संस्थांची वाटही बी. फार्म.मधून जाते.

क्वालिटी कंट्रोलच्या या कामाची किंमत काय, ते बळ्ळारीला विचारा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात सिझेरियन झालेल्या बाळंतिणी दगावल्या आणि संशय सलाइनच्या दर्जावर आला. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. अशा बाटल्या कारखान्याच्या दारातच अडवणारा माणूस म्हणजे चांगला शिकलेला, दबावाला न जुमानणारा क्वालिटी कंट्रोलवाला. त्याच्या हातून सुटलं तर पुढचा अडसर ड्रग इन्स्पेक्टर. ही दोन्ही कामं आपल्या मुलांनी करावीत असं मला मनापासून वाटतं. बेळगावला हे परकंही नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत इंग्रजांच्या काळापासून देवीची लस तयार होत असे. केएलईचं फार्मसी कॉलेज 1968 पासून आहे. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्थाही याच गावात आहे. एवढं सगळं असताना फार्मसी म्हणजे दुकान, एवढीच आपली समजूत राहावी, याचं वाईट वाटतं.

आणि मग फार्म. डी. सहा वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिप. आपल्या देशात हा कोर्स 2008 च्या नियमांनी आला. बी. फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांची वेगळी सोय आहे. याची जाहिरात कशी होते? ‘नीट नको आणि नावापुढं डॉक्टर.’ ही फसवणूक आहे, आणि ती थांबायला हवी. फार्म. डी. झालेला माणूस रुग्ण तपासून औषध लिहून देणारा डॉक्टर नाही. त्याचं काम वेगळं आणि अवघड आहे. वॉर्डात फिरून डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांची छाननी करणं, मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्याला डोस कमी करायला सुचवणं, दोन औषधं एकत्र आल्यानं होणारा अपाय ओळखणं, दुष्परिणामांची नोंद राष्ट्रीय कार्यक्रमाकडे पाठवणं. प्रगत देशांत या माणसाशिवाय इस्पितळ चालत नाही. आपल्याकडे मोठ्या खासगी रुग्णालयांत, बेंगळुरू-हैदराबादच्या औषधसुरक्षा आणि क्लिनिकल ट्रायलच्या कंपन्यांत त्याला जागा आहे. सरकारी दवाखान्यांत त्याच्यासाठी वेगळी पदं फारशी काढलेलीच नाहीत. सहा वर्षं शिकवायचं आणि पद काढायचं नाही, हा सरकारचा दोष आहे, मुलांचा नाही. पण त्याची किंमत मुलंच मोजतात.

परदेशाचं म्हणाल, तर एक पक्की गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी परदेशी पदवीधराला एफपीजीईई ही परीक्षा द्यावी लागते, आणि 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांकडून तिथं किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागतात. आपली चार वर्षांची बी. फार्म. त्यात बसत नाही, फार्म. डी. बसते. अमेरिकाच डोक्यात असेल तर सहा वर्षांना अर्थ आहे. फक्त लग्नपत्रिकेत नाव छान दिसावं म्हणून असतील, तर त्या पैशात घराचा एक मजला चढतो.

फार्म. डी.चं कॉलेज निवडताना इस्पितळ बघा. नियमानं 300 खाटांचं रुग्णालय लागतं, स्वतःचं किंवा करारानं जोडलेलं. करार कागदावर असतो, म्हणून तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाच्या गाड्यावर गाठून विचारा: वॉर्डात आठवड्यातून किती वेळा जाता? डॉक्टर तुमचं ऐकून घेतात का? प्राचार्यांपेक्षा ती मुलं खरं सांगतील.

कॉलेजं वाढली आहेत आणि आणखी वाढणार. फार्मसी कौन्सिलनं 2019 मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घालायचा ठराव केला होता. कॉलेजं कोर्टात गेली, त्यांत कर्नाटकातलीही होती, आणि 15 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी टिकू दिली नाही, कारण ती नुसत्या ठरावानं घातली होती. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण त्यानंतर दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या इमारतीकडे पालकांनी जास्त डोळस होऊन बघायला हवं. फार्मसी कायद्याच्या कलम 12 खालची मान्यता त्या कोर्सला, त्या वर्षासाठी आहे का, हे कौन्सिलच्या यादीत बघता येतं. ती नसेल तर पुढे नोंदणी होत नाही आणि मग पदवी फक्त फ्रेम करून लावायच्या कामाची.

आता आपल्या मातीचं दुखणं. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव जवळपास 75. साहजिकच निपाणी-चिकोडीकडची पुष्कळ मुलं कोल्हापूर, वारणानगर, महागावकडे बघतात. खुशाल जा. पण जाताना कोणत्या दारानं जाताय ते माहीत करून घ्या. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागासाठी ‘टाइप ई’ नावाचं स्वतंत्र दार आहे: वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतलं दहावी-बारावीचं शिक्षण आणि मातृभाषा मराठी. दोन्हींचे दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात आणि ते फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीतही 865 गावांतल्या मराठी भाषिकांना दाखल्यावर अर्ज करता येतो, म्हणजे जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकाऱ्याची जागाही आपल्या मुलांना खुली होऊ शकते. कर्नाटकानंही पलीकडच्या अक्कलकोट, जत, गडहिंग्लजच्या कन्नड भाषिकांसाठी आपल्या सीईटीत अशीच सोय ठेवली आहे. सोयी आहेत. माहिती पोचत नाही. सीमाप्रश्नावर मेळावे भरतात, भाषणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण त्याच मांडवात प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल टाकून, दोन माणसं बसवून, हे दाखले कसे काढायचे ते सांगितलं तर किती पोरांची वर्षं वाचतील! महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आणि युवक मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, हे काम तुमचं आहे.

शिकायला पलीकडे गेलात तरी नोंदणीचा प्रश्न उरतो. फार्मासिस्टची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते: कर्नाटकाची बेंगळुरूला, महाराष्ट्राची मुंबईला. गडहिंग्लजला शिकून निपाणीत काउंटरवर उभं राहायचं, तर नाव कर्नाटकाच्या रजिस्टरमध्ये लागतं. त्या कागदपत्रांना वेळ जातो. कुठं राहायचं आणि कुठं कमवायचं, हे म्हणून आधी ठरवा.

आणि कन्नड शिका. बोलण्यापुरतं नको, वाचता-लिहिता येईल एवढं. कर्नाटकात सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते, हे एक कारण झालं. दुसरं मोठं आहे: गोकाक-हुक्केरीहून आलेली आजी काउंटरवर ‘ऊटा’च्या, म्हणजे जेवणाच्या, आधी की नंतर, हे तिच्या भाषेत विचारणार आहे. तिला नीट उत्तर दिल्यानं तुमची मराठी कमी होत नाही. मराठी, कन्नड, हिंदी-दख्खनी बोलणारा आणि इंग्रजी लेबल वाचणारा फार्मासिस्ट मुंबई-पुण्यात शोधून सापडत नाही. इथं तो घरोघरी तयार होऊ शकतो.

तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात पैसे मोजण्याआधी पोराला बरोबर घेऊन जा आणि त्यालाच विचारू द्या: गेल्या तुकडीतल्या किती मुलांची कौन्सिलकडे नोंदणी झाली? किती जण आज फार्मसीचंच काम करतात, आणि कुठं? प्रयोगशाळेतली यंत्रं मुलं स्वतः चालवतात का? यांची उत्तरं नावानिशी मिळत नसतील, तर त्या कॉलेजात फी भरू नका, मग ते कितीही जवळ असो आणि एजंट कितीही ओळखीचा असो.